आवाज का येत नाही? लिनक्समधल्या ऑडिओ बगांचा इतिहास, संशोधनाच्या नजरेतून

एक साधा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. एकाच लॅपटॉपवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम टाकल्या आहेत. विंडोज सुरू केलं की गाणं नीट वाजतं. लिनक्स सुरू केलं की स्पीकर गप्प. हेडफोन लावला तर मात्र आवाज येतो. लॅपटॉप तोच, स्पीकर तोच, गाणंही तेच. मग चूक कुणाची?

पटकन सुचणारं उत्तर म्हणजे लिनक्सची. कारण एका सिस्टिमवर चालतं आणि दुसरीवर चालत नाही, एवढंच आपण पाहिलेलं असतं. पण दोन निरीक्षणांवरून थेट कारणावर उडी मारणं किती धोक्याचं असतं, हे आपण पद्धतिशास्त्राच्या तासाला शिकलेलो असतो. शिकलेलो असतो खरं, पण त्या तासाची उदाहरणं इतकी गुळगुळीत असतात की परीक्षेनंतर काही लक्षात राहत नाही. म्हणून आज एक खडबडीत उदाहरण घेऊया: लिनक्सच्या कर्नलमधल्या ऑडिओ ड्रायव्हरच्या चुका गेल्या तीस वर्षांत लोकांनी कशा शोधल्या आणि कशा दुरुस्त केल्या.

हेच उदाहरण का? शोधनिबंधात आपल्याला बहुतेक वेळा फक्त शेवटचं उत्तर दिसतं. इथे प्रत्येक बदल तारखेसकट आणि कारणासकट नोंदवलेला आहे, फसलेले प्रयत्नही. आणि या सगळ्या नोंदी वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. दुरुस्तीचं अवघड काम कोड लिहिणं हे फार क्वचित असतं. अवघड काम असतं ते यंत्राबद्दलची माहिती कुणाकडून घ्यायची आणि तिच्यावर किती भरवसा ठेवायचा, हे ठरवणं. दर काही वर्षांनी माहितीचा स्रोत बदलत गेला आणि प्रत्येक स्रोत आपापल्या पद्धतीनं चुकत गेला.

पहिला टप्पा: वापरणाऱ्याला विचारा

लायनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सची पहिली आवृत्ती काढली. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, फिनलंडच्याच हन्नू सावोलाइनेन यांनी साउंड ब्लास्टर कार्डासाठी ड्रायव्हर लिहिला. साउंड ब्लास्टर हे सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं १९८९ मध्ये आलेलं कार्ड. त्या काळात आवाजासाठी असं वेगळं कार्ड संगणकात बसवावं लागायचं. सावोलाइनेन यांचाच ड्रायव्हर पुढे 'ओपन साउंड सिस्टिम', म्हणजे ओएसएस, या नावानं ओळखला गेला.

तेव्हाचं कार्ड स्वतःबद्दल फारसं काही सांगत नसे. ते कोणत्या पत्त्यावर आहे, कोणती इंटरप्ट लाइन वापरतं, कोणतं डीएमए चॅनल वापरतं, हे सगळं कार्डावरच्या छोट्या जंपर पिनांवर ठरायचं. ड्रायव्हरला हे आकडे वापरणाऱ्यानं सांगायचे. पत्ता २२०, इंटरप्ट ५ किंवा ७, डीएमए १ हे नेहमीचे आकडे.

इंटरप्ट म्हणजे काय ते दोन ओळींत बघू, कारण पुढे ते पुन्हा लागणार आहे. ड्रायव्हर आवाजाचे नमुने मेमरीतल्या एका गोल बफरमध्ये भरतो. कार्ड ते एका बाजूनं वाचत जातं. एक हिस्सा वाचून झाला की कार्ड प्रोसेसरला इंटरप्ट पाठवतं: एवढं वाजवून झालं, पुढचं भरा.

आता वापरणाऱ्यानं इंटरप्टचा आकडा चुकीचा दिला तर काय होईल? कार्ड निरोप पाठवत राहील, पण ड्रायव्हर दुसऱ्याच दारात उभा असेल. पुढचा आवाज भरला जाणार नाही, आणि कार्ड गोल बफर पुन्हा पुन्हा वाचत राहील. कानाला ऐकू येईल ते असं: गाण्याचा पहिला तुकडा अडकल्यासारखा पुन्हा पुन्हा वाजतोय. त्या काळात हे लक्षण इतकं ओळखीचं होतं की ते सांगितल्याबरोबर जाणकार म्हणायचे, इंटरप्ट तपासा.

हे निदान चांगलं का आहे? कारण लक्षण आणि कारण यांच्यामध्ये यंत्रणा माहीत आहे. 'आवाज येत नाही' या तक्रारीतून काहीच कळत नाही. 'पहिला तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो' या तक्रारीतून जवळजवळ सगळं कळतं. तुमच्या प्रयोगवहीत 'रीडिंग चुकीचं आलं' असं लिहिलेलं असेल, तर ते पहिल्या प्रकारचं वाक्य आहे.

दुसरा टप्पा: कार्डाला नीट समजून घ्या

१९९२ मध्येच ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड नावाचं एक कार्ड बाजारात आलं. त्याची रचना साउंड ब्लास्टरपेक्षा बरीच वेगळी होती. चेक प्रजासत्ताकातले यारोस्लाव किसेला यांना त्याचा पुरेपूर उपयोग करून घ्यायचा होता, आणि असलेला ड्रायव्हर त्याला अपुरा पडत होता. म्हणून त्यांनी या कार्डासाठी स्वतःचा ड्रायव्हर लिहिला आणि त्यातून १९९८ मध्ये 'अल्सा' हा प्रकल्प उभा राहिला. अल्सा म्हणजे 'ॲडव्हान्स्ड लिनक्स साउंड आर्किटेक्चर'. २००२ मध्ये अल्सा कर्नलच्या विकास-आवृत्तीत आलं, आणि डिसेंबर २००३ च्या २.६ आवृत्तीपासून लिनक्सची अधिकृत ऑडिओ व्यवस्था झालं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. जुनी व्यवस्था लगेच उपटून टाकली नाही. अल्सामध्ये ओएसएसची नक्कल करणारा थर ठेवला, म्हणजे जुने प्रोग्राम न बदलता चालत राहतील. नवीन सिद्धांत आला तरी जुन्यानं बरोबर सांगितलेल्या गोष्टी त्याला सांगता आल्याच पाहिजेत, हा आपला नियम इथेही पाळावा लागला. फरक इतकाच की इथे तो मोडला तर त्याच दिवशी लोकांचे प्रोग्राम बंद पडले असते.

तिसरा टप्पा: यंत्रच सांगेल

२००४ मध्ये इंटेलनं 'हाय डेफिनिशन ऑडिओ' हे मानक प्रसिद्ध केलं. त्याचं विकासाच्या काळातलं नाव होतं अझेलिया. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये कित्येक फंक्शनांच्या नावांची सुरुवात आजही 'एझेडएक्स' या अक्षरांनी होते, ती त्याच नावाची आठवण. यानंतर आलेल्या लॅपटॉपांमध्ये आवाजाचं काम बहुतेक ठिकाणी याच मानकावर चालत आलं आहे.

यातली कल्पना फार आकर्षक होती. लॅपटॉपवर कोडेक नावाची एक चिप असते, बऱ्याचदा रिअलटेक कंपनीची. तिला अनेक पिना असतात. कोणत्या पिनेला स्पीकर जोडलाय, कोणत्या पिनेला हेडफोनचं छिद्र, कोणत्या पिनेला माइक, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. मानकानं सांगितलं की प्रत्येक पिनेपाशी ३२ बिटांची एक नोंद ठेवा, आणि लॅपटॉपच्या बायोसनं त्यात खरी माहिती भरून ठेवावी. ड्रायव्हरनं ती फक्त वाचायची. वापरणाऱ्याला काही विचारायची गरजच नाही.

ही नोंद कशी असते ते एक उदाहरण घेऊन बघू. समजा सोळाच्या पायातली आठ अंकी नोंद आहे ९०१७०११०. पहिला अंक ९, म्हणजे दुहेरी पायात १००१. सुरुवातीचे दोन बिट १० आहेत. त्याचा अर्थ: या पिनेला एक कायमचं, आत बसवलेलं उपकरण जोडलेलं आहे. तिसरा अंक १ सांगतो की ते उपकरण म्हणजे स्पीकर. आता दुसरी नोंद बघा: ४१११११एफ०. पहिला अंक ४, म्हणजे ०१००. सुरुवातीचे दोन बिट ०१, अर्थात या पिनेला काहीच जोडलेलं नाही. सुरुवातीला ०० असेल तर तिथे बाहेरून वायर लावायचं छिद्र आहे.

आता आपल्या सुरुवातीच्या कोड्याकडे या. पिनेला स्पीकर जोडलेला आहे, पण बायोसमध्ये नोंद आहे ४१११११एफ०. लिनक्स मानकाप्रमाणे नोंद वाचतं, 'काही जोडलेलं नाही' असं समजतं आणि ती पिन सोडून देतं. हेडफोनची नोंद बरोबर आहे, म्हणून हेडफोनमधून आवाज येतो. विंडोजवर त्या लॅपटॉपसाठी तयार केलेला कंपनीचा ड्रायव्हर येतो, आणि त्याला या जोडण्यांची माहिती वेगळी देता येते. बायोसमधली नोंद चुकलीय हे तिथे कुणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणजे इथे लिनक्सनं मानक पाळलं होतं, आणि म्हणूनच ते गप्प राहिलं. मानक हे जग कसं असावं याचं वर्णन असतं. ते खरं धरून चालणाऱ्या माणसाला जग तसं नसेल तर आधी फटका बसतो.

अपवादांचा तक्ता

यावर उपाय काय? दुसऱ्याच्या लॅपटॉपमधला बायोस तर बदलता येत नाही. म्हणून कर्नलमध्ये अपवादांचा तक्ता तयार झाला. त्यातल्या प्रत्येक ओळीत मॉडेल ओळखण्याचा क्रमांक, त्याचं नाव आणि 'या मॉडेलवर अमुक दुरुस्ती लावा' असा हवाला असतो. अशा ओळीला तिथल्या भाषेत 'क्वर्क' म्हणतात, म्हणजे त्या यंत्राची खोड. रिअलटेक चिपांची फाइल अशा खोडी गोळा करत १० हजार ओळींच्या पुढे गेली, आणि २०२५ मध्ये तिचे तुकडे करून ती वेगवेगळ्या फाइलींत विभागली गेली.

सुरुवातीची पद्धत मात्र याहून जड होती. प्रत्येक प्रकारच्या लॅपटॉपसाठी एक संपूर्ण 'मॉडेल' हातानं लिहिलं जायचं: आवाजाचा मार्ग असा, माइक इथे, हेडफोन लावला की स्पीकर असा बंद करायचा. नवीन लॅपटॉप आला की जवळचं एखादं मॉडेल घ्यायचं, थोडं बदलायचं, नवीन नाव द्यायचं. काम व्हायचं, पण एका मॉडेलमध्ये सापडलेली चूक बाकीच्यांत तशीच राहायची. शिवाय यादीत नसलेल्या लॅपटॉपबद्दल या पद्धतीला काहीच सांगता येत नव्हतं.

या भागाची जबाबदारी अनेक वर्षं सांभाळणारे ताकाशी इवाई, हे जर्मनीतल्या सुसे कंपनीत काम करतात, त्यांनी साधारण २०११ ते २०१३ या काळात हे चित्र उलटं केलं. पिनांच्या नोंदी वाचून आवाजाचा मार्ग स्वतःच शोधणारा 'पार्सर' आधीपासून होता, पण तो दुय्यम होता. तो सुधारून मुख्य केला आणि हातानं लिहिलेली मॉडेलं एकामागून एक काढून टाकली. मग २०१३ च्या ३.९ आवृत्तीत वेगवेगळ्या कंपन्यांच्या चिपांसाठीचे वेगवेगळे पार्सर एका सामाईक पार्सरमध्ये आणले. आता दुरुस्ती म्हणजे पूर्ण मॉडेल लिहिणं राहिलं नाही. 'या पिनेची नोंद चुकीची आहे, ती ९०१७०११० अशी धरा' एवढं सांगितलं की पुढचं पार्सर करतो.

संशोधनाला उतरणाऱ्यांनी हा भाग नीट बघावा असं मला वाटतं. आधी प्रत्येक निरीक्षणाचं स्वतंत्र स्पष्टीकरण होतं. नंतर एक सामान्य नियम आला आणि त्यासोबत छोट्या, नाव-गाव असलेल्या अपवादांची यादी. अपवाद संपले नाहीत, संपणारही नाहीत. पण आता प्रत्येक अपवाद नेमका कशाचा अपवाद आहे, ते सांगता येतं. आणि हा बदल करताना जुनी मॉडेलं फेकून दिली असली तरी त्यांत जमलेली माहिती फेकता आली नाही. कोणत्या लॅपटॉपवर काय चुकतं, हे आधीच्या वर्षांतल्या लोकांनी एकेक करून नोंदवलं होतं. तो साठा नसता तर सामान्य नियम तपासायचा कशावर?

तक्त्यालाही त्याची खोट आहे. काही कंपन्या वेगवेगळ्या मॉडेलांना एकच ओळख-क्रमांक देतात. मग एका लॅपटॉपसाठी केलेली दुरुस्ती दुसऱ्याला लागते आणि ज्याचा आवाज ठीक होता त्याचा बिघडतो. म्हणून पुढे क्रमांकाऐवजी सगळ्या पिनांच्या नोंदींचा संच जुळवून यंत्र ओळखायची सोयही आली. आपल्याकडे नमुन्याच्या बाटलीवरचं लेबल आणि बाटलीतला नमुना यांत जो फरक असतो, तोच हा.

नवीन प्रश्न विचारला म्हणून सापडलेल्या चुका

आता मागे, २००७-०८ कडे जाऊ. लेनार्ट पॉटरिंग यांचा पल्सऑडिओ हा प्रोग्राम नोव्हेंबर २००७ च्या फेडोरा ८ मध्ये आणि एप्रिल २००८ च्या उबुंटू ८.०४ मध्ये मुख्य ऑडिओ सर्व्हर म्हणून आला. अनेक प्रोग्रामांचा आवाज एकत्र मिसळून कर्नलकडे द्यायचा, हे त्याचं काम. पाठोपाठ लोकांच्या तक्रारींचा पाऊस पडला: आवाज तुटतो, उड्या मारतो, कालपर्यंत चालत होतं. सगळा राग पल्सऑडिओवर निघाला.

त्यात पल्सऑडिओच्या स्वतःच्या चुका होत्याच. पण एक भाग वेगळा होता. आधीचे प्रोग्राम कार्डाच्या इंटरप्टची वाट बघायचे, आणि आला की पुढचा तुकडा भरायचे. ४८,००० नमुने प्रतिसेकंद या वेगानं १,०२४ नमुन्यांचा तुकडा साधारण २१ मिलिसेकंदांत संपतो, म्हणजे प्रोसेसरला सेकंदाला ४७ वेळा उठायला लागतं. वीज वाचवण्यासाठी पल्सऑडिओनं नवीन पद्धत आणली: मोठा बफर घ्यायचा, इंटरप्टवर अवलंबून राहायचं नाही, प्रोसेसरचं स्वतःचं घड्याळ लावून उठायचं आणि ड्रायव्हरला विचारायचं, 'या क्षणी तू नेमका कुठे वाजवतोयस?'

हा प्रश्न इंटरप्टच्या मधल्या वेळेत इतक्या बारकाईनं त्याआधी फारसं कुणी विचारत नव्हतं. विचारल्यावर कळलं की कित्येक चिप आणि ड्रायव्हर त्याचं उत्तर चुकीचं देतात. हाय डेफिनिशन ऑडिओमध्ये ही जागा दोन ठिकाणांहून वाचता येते: चिपमधल्या एका रजिस्टरमधून, किंवा चिप मेमरीत जिथे आकडा लिहीत जाते तिथून. काही यंत्रांवर एक खोटं बोलतं, काहींवर दुसरं. काही चिप तर हिस्सा पूर्ण संपायच्या किंचित आधीच इंटरप्ट पाठवतात. म्हणून ड्रायव्हरमध्ये कोणता आकडा मानायचा याचा पर्याय ठेवावा लागला. मेमरीतला आकडा अशक्य वाटला तर ड्रायव्हर स्वतःच रजिस्टरकडे वळतो आणि तसं लॉगमध्ये लिहून ठेवतो.

म्हणजे चूक जुनीच होती. नवीन मोजमापानं ती उघडी केली, आणि दोष मोजणाऱ्याच्या माथी आला. चूक निर्माण करणारा बदल आणि चूक दाखवणारा बदल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रयोगशाळेत जास्त संवेदनशील उपकरण आलं आणि जुने निकाल जुळेनासे झाले, की आपण आधी नवीन उपकरणावरच संशय घेतो. संशय घ्यावाच, पण तिथे थांबू नये.

असंच एक छोटं उदाहरण माइकचं आहे आणि भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते आवडेल. काही लॅपटॉपांच्या आतल्या माइकमध्ये उजव्या चॅनलचा तरंग उलट्या फेजमध्ये येतो. स्टिरिओ रेकॉर्डिंग केलं तर दोन्ही चॅनलांत आवाज आहे, सगळं ठीक. पण बोलण्याचे प्रोग्राम दोन्ही चॅनलांची बेरीज करून एकच चॅनल बनवतात. तरंग आणि त्याचा उलटा तरंग यांची बेरीज शून्य. म्हणून रेकॉर्डिंग चालतं, पण कॉलवर समोरच्याला काहीच ऐकू जात नाही! कर्नलमध्ये २०१२ च्या सुमारास यासाठी खास दुरुस्ती आली. 'माइक चालतो का?' या प्रश्नाला इथे हो आणि नाही ही दोन्ही उत्तरं खरी आहेत. कसं तपासलं हे सांगितल्याशिवाय त्यातल्या एकालाही अर्थ नाही.

काल चालत होतं, आज नाही

दुरुस्तीच्या इतिहासात २००५ हे वर्ष महत्त्वाचं आहे. बिटकीपर या व्यवस्थेची फुकट परवानगी बंद झाल्यावर टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहायला घेतलं. कर्नलमधला प्रत्येक बदल आता त्यात नोंदला जातो. त्यातून एक साधी पण जबरदस्त सोय मिळाली: बायसेक्ट. जुन्या आवृत्तीत आवाज होता, नवीनमध्ये नाही. मधला बदल घ्या, कर्नल बांधा, तपासा. आवाज आला तर चूक पुढच्या अर्ध्यात, नाही आला तर मागच्या अर्ध्यात. मध्ये १६,००० बदल असले तरी १४ वेळा तपासून दोषी बदलावर पोचता येतं, कारण २ चा १४ वा घात १६,३८४ होतो.

यासाठी आवाजाच्या ड्रायव्हरचं ज्ञान लागत नाही. चिकाटी लागते, आणि 'आला' किंवा 'नाही आला' हे प्रामाणिकपणे सांगणं लागतं. कधी येतो, कधी येत नाही अशी चूक असेल तर ही पद्धत फसते. एका पायरीवर चुकीचं उत्तर दिलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या चुकीच्या अर्ध्यात जातात. शिवाय शेवटी जो बदल सापडतो तो चूक निर्माण करणारा आहे की दाखवणारा, हे माणसानंच ठरवायचं असतं.

दुसरी अडचण त्याहून मोठी. दुरुस्ती करणाऱ्याकडे बहुतेक वेळा तो लॅपटॉपच नसतो. म्हणून अल्साच्या मंडळींनी एक छोटी स्क्रिप्ट तयार केली. ती चालवली की चिपचं नाव, पिनांच्या नोंदी, कर्नलची आवृत्ती असं सगळं एका मजकुराच्या फाइलमध्ये जमा होतं. इवाई यांनी तर त्या फाइलवर चालणारा एक एम्युलेटर लिहिला. कोडेकची नोंद त्याला द्यायची, आणि खरी चिप समोर असल्यासारखा ड्रायव्हर त्यावर चालवून बघायचा. पण एम्युलेटरला कान नाहीत. ड्रायव्हरनं कोणता मार्ग निवडला हे तो सांगेल, आवाज आला का हे सांगणार नाही. ते ज्याच्याकडे यंत्र आहे त्यालाच विचारावं लागतं. म्हणून बदलाच्या नोंदीत 'तक्रार कुणाची' आणि 'तपासलं कुणी' अशा ओळी असतात. बदल पाठवणाऱ्यानं सही करायची पद्धत २००४ पासून आहे. कोणत्या जुन्या बदलातली चूक दुरुस्त होतेय, हेही त्या बदलाचा क्रमांक देऊन लिहितात.

ही दुरुस्ती जुन्या, स्थिर आवृत्तींत न्यायची असेल तर नियम आणखी कडक. बदल १०० ओळींच्या आत हवा, तपासलेला हवा आणि लोकांना खरोखर त्रास देणाऱ्या चुकीवरचा हवा. एखाद्या लॅपटॉपची खोड नोंदवणारी एक ओळ मात्र तिथे चालते. म्हणूनच नवशिक्याचं कर्नलमधलं पहिलं योगदान असं असू शकतं: स्वतःच्या लॅपटॉपसाठी तक्त्यात घातलेली एक ओळ.

एवढं कशासाठी?

गाणं वाजलं नाही तर काय मोठंसं बिघडलं, असं तुम्ही म्हणाल. पण दृष्टिहीन व्यक्तीसाठी संगणकाचा पडदा म्हणजे आवाजच. लिनक्सवर ऑर्का हा स्क्रीन-रीडर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो, आणि ईस्पीक एनजी हे बोलणारं सॉफ्टवेअर मराठीही वाचतं. कर्नल अपडेट झालं आणि स्पीकर गप्प झाला, तर त्या व्यक्तीला नुसता आवाज नाही असं होत नाही, तिचा अख्खा संगणक बंद होतो. चूक काय आहे ते वाचायचं साधनही त्याच चुकीत गेलेलं असतं. जे चालत होतं ते मोडायचं नाही, हा कर्नलमधला नियम इतका ताणून का धरतात, ते इथे कळतं.

आणि काम संपलेलंही नाही. गेल्या काही वर्षांत लॅपटॉपांमध्ये सिरस लॉजिकसारख्या कंपन्यांचे 'स्मार्ट' ॲम्प्लिफायर आले. ते कसे जोडलेत याची माहिती पुन्हा लॅपटॉपच्या फर्मवेअरनं द्यायची असते. काही लॅपटॉपांत ती नसतेच. मग कर्नलमध्ये पुन्हा एक तक्ता, पुन्हा एकेक मॉडेलची ओळ. १९९२ मध्ये माणूस चुकीचा आकडा सांगायचा, २००४ नंतर बायोस चुकीची नोंद सांगू लागला, आता फर्मवेअर काही सांगतच नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर देऊन थांबते. स्पीकर गप्प असताना चूक कुणाची? आपण पाहिलेल्या उदाहरणात नोंद चुकवणाऱ्या बायोसची. पण हे सांगता आलं ते कुणीतरी पिनेची नोंद प्रत्यक्ष वाचली, तिच्या जागी दुसरी घालून बघितली, आवाज आला हे स्वतःच्या कानानं ऐकलं आणि मग नाव-तारखेसकट लिहून ठेवलं म्हणून.

तुमच्याकडे लिनक्स असेल तर आज एक करून बघा. 'प्रोक' या फोल्डरात 'असाउंड' नावाचं फोल्डर आहे. त्यात तुमच्या कार्डाच्या फोल्डरात कोडेकची एक फाइल सापडेल. ती उघडा आणि 'पिन डिफॉल्ट' लिहिलेल्या ओळी शोधा. आठ अंकी आकडे दिसतील. पहिला अंक दुहेरी पायात लिहा, तिसरा अंक बघा, आणि तुमच्या लॅपटॉपला खरंच किती स्पीकर आणि किती छिद्रं आहेत ते मोजून ताडून पाहा. जुळलं तर ठीकच. नाही जुळलं, तर बदल काही करू नका. आधी वहीत लिहा: काय दिसलं, काय असायला हवं होतं, कर्नलची आवृत्ती कोणती आणि तुम्ही ते कसं तपासलंत.